फाटकाजवळचें कांटेरी झुडूप

उन्हाळ्याची दीर्घ सुटी संपून जूनच्या मध्यास शाळा पुन्हां उघडते, तेव्हां आवाराची स्थिति कशी असते हें आमच्या विद्यार्थ्यांस निराळें सांगावयास नको. मार्चपासून तापत आलेलें सोलापूर मे महिन्यांत अगदीं भाजून निघतें. पारा ४२-४३ अंशांवर गेला तरी त्याची येथें कोणी बातमी करीत नाहीं. यंदाही सुटीनंतर आम्हीं आंत पाऊल टाकलें तों हिरवळीच्या जागीं पिंवळ्या काड्यांची सतरंजी पसरलेली होती, कार्यालयापुढील क्रोटनचीं झाडें वाळून खडखड वाजत होतीं, आणि मोठ्या हौसेनें लावलेल्या जास्वंदीवर मोजून चार पानें शिल्लक होतीं. फाटकाच्या आंत डाव्या हातास कांटेरी झुडुपांची जी रांग आहे ती मात्र लाल फुलांनीं भरून गेली होती. सुटीच्या दिवसांत तिला पाणी मिळालें असेल तर तें एखाद-दुसऱ्या वळवाच्या सरीचें. माणसाच्या हातचें नव्हे.

पुढच्याच आठवड्यांत कांहीं पालकांकडून सूचना आली कीं, ही रांग उपटून टाकावी व त्या जागीं नवी हिरवळ करावी. खर्चास वर्गणी देण्याचीही त्यांची तयारी आहे. आक्षेप तीन आहेत. कांटे मुलांस लागतात, चीक विषारी आहे, आणि शाळेच्या दाराशींच कांटेरी झाड असणें शोभत नाहीं व शुभही नाहीं. सूचना करणारांच्या हेतूविषयीं आम्हांस यत्किंचितही शंका नाहीं. पहिल्या दोन आक्षेपांत तथ्यही आहे. तथापि ही रांग राहावी असें आमचें मत आहे, आणि तें कां बनलें हें या अंकाच्या निमित्तानें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें असें वाटलें.

प्रथम या झुडुपाची ओळख करून घेऊं. त्याचें शास्त्रीय नांव युफोर्बिया मिली. इंग्रजी नांवाचा अर्थ ‘कांट्यांचा मुकुट’ असा होतो. आपल्याकडील रोपवाटिकेंत मात्र नुसतें ‘युफोर्बिया’ म्हटलें कीं माळी बहुधा हेंच पुढें करतो. याचें मूळ घर आफ्रिकेच्या पूर्वेस असलेलें मादागास्कर बेट. त्या बेटाच्या शेजारीं रीयूनियन नांवाचें लहान बेट आहे, त्यास त्या काळीं बूर्बों म्हणत. तेथील फ्रेंच गव्हर्नर बॅरन मिलियुस यांनीं १८२१ सालीं हें झुडूप फ्रान्सांत नेलें, आणि १८२६ सालीं शार्ल दे मूलँ या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्यास मिलियुसचें नांव दिलें. ‘युफोर्बिया’ हें नांव त्याहून फार जुनें. उत्तर आफ्रिकेंतील मॉरेटानियाचा राजा दुसरा जुबा याच्या पदरीं युफोर्बस नांवाचा वैद्य होता, त्याच्यावरून राजानें तें ठेविलें, असें रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो.

इतकें ऐकून कोणास वाटेल कीं हा दूरदेशचा पाहुणा, त्याची येथें कसली सोयरीक! पण आपल्या शेतांच्या बांधांवर पेन्सिलीएवढ्या हिरव्या, निष्पर्ण काड्यांचा जो शेर दिसतो तो याचाच भाऊबंद असून तोही मूळचा आफ्रिकेचाच. कोणत्या शतकांत तो येथें आला याची आठवण कोणास उरली नाहीं, इतका तो घरचा होऊन बसला आहे. शेराची फांदी मोडली कीं पांढरा चीक गळतो आणि तो डोळ्यांत जाऊं द्यायचा नसतो, हें खेड्यांतून आलेल्या प्रत्येक मुलास अक्षरओळख होण्यापूर्वींच ठाऊक असतें. शहरांतील मुलांस तें ठाऊक नसतें, आणि आक्षेपाचें मूळ बरेंचसें येथेंच आहे.

झुडूप साधारण कमरेइतकें, क्वचित् खांद्याइतकें वाढतें. खोड करड्या रंगाचें, बोटाएवढें जाड व मांसल. त्यावर चोहोंकडून इंचभर लांबीचे कांटे. पानें फक्त फांदीच्या नव्या शेंड्याकडे असतात, आणि पाण्याचा तुटवडा पडला कीं झुडूप तींही टाकून देतें. पाण्याची वाफ मुख्यतः पानांतून उडून जाते. म्हणून खर्चाचें दारच बंद करावयाचें, आणि खोडांत सांठविलेल्या पुंजीवर दिवस काढावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. मे महिन्यांत पानें झडलेलीं पाहून पुष्कळजण झाड मेलें असें समजतात व बादलीभर पाणी ओततात. तें मेलेलें नसतें. बादलीनें मात्र मरतें.

ज्यास आपण याचें फूल म्हणतों तें वस्तुतः फूल नव्हे. त्या दोन लाल पाकळ्या म्हणजे रंग पालटलेलीं पानेंच होत. खरीं फुलें त्यांच्या मध्यभागीं असलेल्या लहानशा पेल्यांत दडलेलीं असतात, आणि तीं पाहावयास भिंग लागतें. नाताळांत कुंड्यांतून विकावयास येणारी पॉइन्सेटिया ही मेक्सिकोची वनस्पति याच कुळांतली, आणि तिचाही प्रकार हाच. सातवीच्या वर्गांतील मुलांनीं एकदां भिंग घेऊन या पेल्यांत काय काय सांपडतें तें पाहावें व त्याचें चित्र काढावें. पुस्तकांतील जास्वंदाच्या फुलाचें चित्र काढून काढून त्यांचे हात आतां पुरेसे बसले आहेत.

नांवाविषयीं एक खुलासा येथेंच करणें बरें, कारण वर्गांत हा प्रश्न दरवर्षीं निघतो. प्रभु येशूच्या मस्तकीं जो कांट्यांचा मुकुट घातला गेला तो याच झुडुपाचा होता काय? मत्तय, मार्क व योहान यांच्या शुभवर्तमानांत त्या मुकुटाचा उल्लेख आहे, परंतु झाडाचें नांव एकांतही नाहीं. जें झुडूप मादागास्करचें, आणि जें युरोपांत एकोणिसाव्या शतकांत प्रथम पोहोंचलें, तें त्या काळीं यरुशलेमेंत असणें संभवत नाहीं. अभ्यासकांपैकीं पुष्कळांचा कल एका बोरीच्या जातीकडे आहे. तिचें शास्त्रीय नांवच मुळीं ‘ख्रिस्ताचा कांटा’ अशा अर्थाचें आहे. दुसरे कित्येक त्या प्रदेशांतील ठेंगण्या कांटेरी झुडुपांचीं नांवें सुचवितात. आपल्या जिल्ह्यांत बोरीच्या बागा आहेत व माळावर रानबोरी आहेत. तिच्या आंकड्यासारख्या कांट्यांत ज्याचा सदरा एकदां अडकला आहे त्यास त्या मुकुटाची कल्पना आमच्या फाटकाजवळच्या झुडुपापेक्षां अधिक येईल. तेव्हां केवळ नांवासाठीं हें झुडूप शाळेंत राखावें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं.

आमचें म्हणणें आहे तें पाण्याविषयीं.

सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतें. पावसाची वाट पाहणें हा येथील माणसाचा पिढीजात उद्योग आहे. शहराजवळचा एकरूख तलाव १८७१ सालीं पुरा झाला तोही या अवर्षणाच्याच धास्तीनें. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांच्या तोंडून अजून ऐकावयास मिळतात. १९८० सालीं भीमेवर उजनीचें धरण उभें राहिलें, आणि सुमारें ११० किलोमीटरांवरून नळानें पाणी येऊं लागलें. इतकें होऊनही कित्येक वर्षें या शहरांत तीन-तीन, चार-चार दिवसांआड नळास पाणी येत आलें. ज्या दिवशीं पाणी येणार त्या दिवशीं घरांतील बायका पहांटे उठून पिंपें भरीत, आणि त्या दिवशींचा वर्गांतला उशीर आम्हीही निमूटपणें क्षमा करीत असूं.

आतां हिरवळीचा हिशेब मांडा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पसरलें तर तें बरोबर एक लिटर भरतें. हें गणित पांचवींतला मुलगाही करील. आपल्या उन्हाळ्यांत हिरवळ हिरवी राहावयाची तर तिला दररोज निदान पांच-सहा मिलिमीटर पाणी दिलें पाहिजे. म्हणजे शंभर चौरस मीटरांच्या लहानशा तुकड्यास दिवसाला पांचशे-सहाशे लिटर, म्हणजे पन्नास-साठ बादल्या. ज्या मुलांच्या घरीं चार दिवसांचें पाणी पिंपांत झांकून ठेवलें जात होतें, त्या मुलांच्या डोळ्यांदेखत आम्हीं रोज साठ बादल्या गवतावर ओताव्या काय? वर्गणी मिळेल, पाणी कोठून मिळणार? याच सोलापुरांत १९३३ सालीं कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचें केंद्र निघालें. थोड्या पावसावर ज्वारी कशी पिकवावी याचा अभ्यास तेथें झाला. ज्या गांवीं तो अभ्यास झाला त्याच गांवच्या शाळेनें विलायती बंगल्यासारखी हिरवळ हवी म्हणून हट्ट धरणें आम्हांस तरी बरें दिसत नाहीं.

झुडूप राखावयाचें तर तें कसें राखावें हेंही सांगितलें पाहिजे. आणि येथें आमच्या फजितीपासून आरंभ करणें प्रामाणिकपणाचें होईल. पहिल्या वर्षीं आम्हीं फांद्या आणल्या, त्या त्याच दिवशीं कुंड्यांत खोंचल्या, आणि एकेक कुंडी एकेका मुलाच्या नांवें करून दिली. मुलांनीं मायेनें सकाळ-संध्याकाळ पाणी घातलें. मधल्या सुटींत उरलेलें पिण्याचें पाणीही त्याच कुंड्यांत गेलें. महिन्याभरांत निम्म्याहून अधिक फांद्या बुडाशीं काळ्या पडून मऊ झाल्या व आडव्या झाल्या. जगल्या त्या बहुतेक गैरहजर राहणाऱ्या मुलांच्या! त्या मुलांस आम्हीं त्या वेळीं बक्षीस दिलें नाहीं, पण देणें न्याय्य झालें असतें.

दुसऱ्या वर्षीं रीत सुधारली, ती अशी. फेब्रुवारी-मार्च महिन्यांत, हवा कोरडी व ऊबदार असतांना, जुन्या झुडुपाची वीतभर लांबीची फांदी धारदार सुरीनें कापावी. कापलेलें टोंक पाण्यांत बुडवून चीक थांबवावा, आणि फांदी सांवलींत चार-पांच दिवस कोरडी ठेवावी. जखमेवर खपली धरली म्हणजेच ती लावण्याजोगी होते. ओली जखम मातींत गेली कीं कुजलीच. ही चार दिवसांची वाट पाहणें मुलांस फार जड जातें, असा अनुभव आहे.

मातीचें तर विशेष सांगणें आहे. आपली काळी जमीन कापसाला व ज्वारीला मायेची खरी, पण ती पाणी धरून बसते, आणि उन्हाळ्यांत भेगा पडून मुळें तोडते. नुसत्या काळ्या मातींत हें झुडूप पहिल्याच पावसाळ्यांत दगावतें. माती एक भाग, जाडी वाळू किंवा मुरूम एक भाग, विटांचा चुरा थोडा व कुजलेलें शेणखत मूठभर, असें मिश्रण करावें. जमिनींत लावावयाचें असेल तर वीतभर उंचीचा वरंबा घालून त्यावर लावावें. कुंडी असेल तर ती मातीची व बुडाशीं मोठें भोंक असलेली घ्यावी. जागा अशी निवडावी कीं निदान अर्धा दिवस ऊन मिळेल. व्हरांड्याच्या सांवलींत झुडूप जगतें, पण फुलें धरीत नाहीं. लावलेल्या फांदीस मुळें फुटावयास सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढ्या काळांत ती उपटून ‘मुळें आलीं काय’ हें पाहूं नये. आमच्याकडे हें झालें आहे.

पाणी द्यावयाचें तें वार पाहून नव्हे, माती पाहून. बोटाचीं दोन पेरें मातींत खुपसावीं. आंत ओल लागली तर झारी परत न्यावी. कोरडें लागलें तर मग भरपूर, बुडाच्या भोंकांतून बाहेर येईपर्यंत पाणी द्यावें आणि पुन्हां कोरडें होईपर्यंत विसरावें. रोज थोडें थोडें शिंपडण्यासारखी वाईट संवय नाहीं. कुंडीस भर उन्हाळ्यांत आठवड्यांतून एकदां, हिवाळ्यांत पंधरवड्यांतून एकदां पुरे होतें; जमिनींत रुजलेल्या जुन्या झुडुपास पावसाळा व हिवाळा मिळून आम्ही एक थेंबही देत नाहीं. पानें पिंवळीं होऊन गळूं लागलीं तर पाणी जास्त झालें कीं कमी, हें पानांवरून ओळखतां येत नाहीं, खोडावरून येतें. खोड सुरकुतलेलें पण टणक असेल तर तहान आहे. खोड मऊ व काळपट असेल तर कुजण्यास प्रारंभ झाला असें समजून वरचा निरोगी भाग कापून घ्यावा, वाळवावा आणि नव्यानें लावावा. एक झाड जातें, दोन होतात.

खताची हांव धरूं नये. जूनमध्यें व ऑक्टोबरांत मूठमूठ शेणखत दिलें कीं झालें. अधिक दिलें तर पानांचा डौल वाढतो व फुलें कमी होतात. क्वचित् पिठ्या ढेकूण पडतो. साबणाच्या पाण्यांत भिजविलेल्या जुन्या ब्रशानें तो पुसून काढावा. याहून अधिक कांहींच करावें लागत नाहीं, आणि हौशी माळ्यास हें झुडूप आवडत नाहीं तें कदाचित् याच कारणानें.

आतां विषाचा आक्षेप. तो आम्ही हलका मानीत नाहीं. याचा चीक कातडीस लागला तर कित्येकांस आग होते, पुरळ उठतो. पोटांत गेला तर उलटी, मळमळ होते. आणि डोळ्यांत गेला तर डोळा सुजून लाल होतो व दृष्टीस धोका पोहोंचूं शकतो. तसें झालें तर डोळा चोळूं नये. स्वच्छ वाहत्या पाण्यानें निदान पंधरा मिनिटें धुवावा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावें. येथें मात्र पाण्याची काटकसर करूं नये. छाटणी मोठ्या माणसांनीं, हातमोजे व चष्मा घालून करावी, कापलेल्या फांद्या जुन्या कागदांत गुंडाळून दूर टाकाव्या, हात साबणानें धुवावे.

आणि आमची एक चूक येथें कबूल करतों. रांगेचें शेवटचें टोंक बालवर्गाच्या पायऱ्यांपर्यंत नेलें हें गैर झालें. चार-पांच वर्षांच्या मुलास ‘हात लावूं नको’ म्हणणें म्हणजे हात लावण्याचें निमंत्रण देणें होय. तेवढीं झुडुपें तेथून काढून मागील भिंतीशीं न्यावीं, या पालकांच्या मागणीस आमचा पूर्ण पाठिंबा आहे. चेंडूच्या मैदानाच्या कडेलाही हें झुडूप नसावें. परंतु मोठ्या मुलांच्या वाटेवरून तें काढण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. स्वयंपाकघरांत विळी असते, प्रयोगशाळेंत आम्ल असतें. तें कसें हाताळावें हें आपण मुलांस शिकवितों, तसेंच हेंही शिकवूं.

शुभाशुभाविषयीं फार लिहिण्याची इच्छा नाहीं. कोरांटीलाही कांटे असतात, आणि तिचीं फुलें आपल्याकडील कितीतरी घरांत देवास वाहिलीं जातात. दुसरें, थायलंडांत याच झुडुपाच्या मोठ्या फुलांच्या जाती तयार केल्या गेल्या आहेत, आणि तेथील चिनी वंशाचे लोक त्यांस अष्टसिद्धांचें झाड मानून दाराशीं हौसेनें लावतात. एका गुच्छांत आठ फुलें आलीं तर भाग्य उघडलें म्हणतात. एकाच कांट्यास एका गांवीं अपशकुन व दुसऱ्या गांवीं शकुन म्हणतात, एवढें विद्यार्थ्यांच्या कानीं असूं द्यावें.

दुसऱ्या बाजूनेंही एक शब्द लिहिला पाहिजे. पाणी नको म्हणून जें तें परदेशी कांटेरी झाड आणून लावावें, असा आमच्या लिहिण्याचा अर्थ कोणीं करूं नये. वेडी बाभूळ अशीच अवर्षणांत टिकणारी म्हणून एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेकडून या देशांत आणली गेली. आज ओढ्याकांठीं, पडीक रानांत ती कशी माजली आहे तें आगगाडीच्या खिडकींतूनही दिसतें. आमच्या रांगेनें इतक्या वर्षांत भिंतीबाहेर एकही रोप टाकलेलें आम्हीं पाहिलें नाहीं, म्हणून तिच्याविषयीं निर्धास्तपणें लिहितों. तरी सर्व आवार याच एका झुडुपानें भरावें हें रुक्ष होईल. पिंवळी कोरांटी हीही कांटेरी, हीही थोड्या पाण्याची, आणि आफ्रिकेपासून आपल्या माळापर्यंत आपोआप उगवणारी. पावसाळा सरतां सरतां ती फुलूं लागते, तिला विषारी चीक नाहीं. बालवर्गाच्या पायऱ्यांजवळ रिकाम्या होणाऱ्या जागेंत, कठड्याच्या पलीकडे, ती लावावी अशी आमची सूचना आहे. मुलांचे हात पोहोंचणार नाहींत इतकें अंतर तेथेंही राखावें, कारण तिचे कांटे बारीक असले तरी कांटेच आहेत.

झुडुपें हलविण्याचें काम फेब्रुवारींत होईल. त्या वेळीं छाटणींतून बऱ्याच फांद्या निघतील, त्या आठवी व त्यापुढील वर्गांच्या विद्यार्थ्यांस पालकांच्या चिठ्ठीवर देण्याचें योजिलें आहे. घरीं रांगतें मूल किंवा पाळीव जनावर असेल तर फांदी मागूं नये. येतांना जुनीं वर्तमानपत्रें व रबरी हातमोजे आणावे. पाण्याची बाटली पिण्यापुरती आणावी.